आप्पा, इकडचा दगड असा आहे

यलोनाइफ,
१४ मार्च

तीर्थरूप आप्पांस साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोन मध्येच तुटला आणि तुमचा प्रश्न तसाच राहिला. आई थंडीचं विचारते, दादा पगाराचं, शेजारच्या काकू लग्नाचं. "दगड कसला आहे गं तिकडं?" हे विचारणारे तुम्ही, विहिरी खोदणारे, एकटेच. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून सवडीनं कागद घेतला. बाहेर उणे अठ्ठावीस आहे, चुलीवर, म्हणजे इथल्या विजेच्या शेगडीवर, चहा आहे आणि उद्या सुट्टी आहे. आईला वाचून दाखवताना मधले दगडाचे भाग गाळले तरी चालतील.

आधी जागा कुठली ते सांगते. कॅनडाच्या उत्तरेला नॉर्थवेस्ट टेरिटरीज नावाचा मुलूख आहे. आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा, आणि एवढ्या मुलखातली सगळी माणसं गोळा केली तरी आपल्या सिन्नर शहराएवढी भरायची नाहीत. त्यातली निम्मी या यलोनाइफमध्ये, ग्रेट स्लेव्ह नावाच्या सरोवराच्या उत्तर काठावर. सरोवराची खोली सहाशे मीटरच्या पुढं आहे. तुम्ही ती माणसाच्या उंचीच्या परसात मोजाल म्हणून मी हिशोब करायला बसले आणि साडेतीनशे परसांच्या आसपास पोचल्यावर सोडून दिला. गावाचं नाव इथल्या मूळच्या डेने लोकांच्या एका टोळीवरून पडलं. ते तांब्याच्या सुऱ्या वापरायचे. तांबं उत्तरेकडच्या कॉपरमाइन नदीजवळ उघड्यावर मिळायचं. ते ऐकून १७७१ साली सॅम्युएल हर्न नावाचा इंग्रज हडसनच्या उपसागरापासून डेने वाटाड्यांबरोबर तिथवर चालत गेला. खाण दिसेल म्हणून गेला आणि धुंडाळून धुंडाळून चार पौंडांचा एक गोळा हाती लागला. हे वाचलं तेव्हा मला वावीचा तो पाणाड्या आठवला, ज्याच्या नादानं तुम्ही तीन ठिकाणी खोदलंत.

आता दगड.

पहिली गोष्ट म्हणजे इथं मुरूम नाही. माती नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याकडं वरची काळी, मग पांढरी, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण अशी उतरंड असते आणि तुम्ही पहारीच्या आवाजावरून सांगायचात की आता काय लागलं. इथं पहिल्याच पावलाला पाषाण. हजारो वर्षं या सगळ्या प्रदेशावर बर्फाचं जाड झाकण होतं, किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचं. ते नुसतं पडून नव्हतं, सरकत होतं. सरकताना वरचं सगळं मऊ खरवडून घेऊन गेलं. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी ते वितळलं आणि खाली राहिला तो घासून गुळगुळीत झालेला कातळ. त्यावर एका दिशेनं गेलेले ओरखडे आहेत, नांगराच्या तासासारखे, फक्त बोटभर रुंद. बर्फाच्या पोटात अडकलेल्या धोंड्यांनी मारलेले. उन्हाळ्यात त्यावर तळवा ठेवला तर एका बाजूनं हात सरकतो, उलट बाजूनं अडतो. त्यावरून बर्फ कुठून कुठं गेला ते कळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गावातली घरं या कातळावरच बसवलेली आहेत. काही भागात नळाचे पाइप पुरता येत नाहीत, तिथं टँकर येतो. टँकर आला की मला पहिल्यांदा हसूच आलं. सात समुद्र ओलांडून आले आणि मे महिन्यातलं सिन्नरच दारात उभं.

दुसरी गोष्ट तुम्हाला आवडेल. गावाच्या कडेला जो काळपट हिरवा दगड आहे तो आपल्याच जातीचा, बेसॉल्ट. पण आपला वाहिला तो उघड्या जमिनीवर, थरावर थर, मध्ये गेरूचा पट्टा. हा वाहिला पाण्याखाली. तापलेला रस थंड पाण्यात शिरला की वरची साल लगेच गोठते, आतला रस दाब देतो, साल फुटते, पुढं नवा गोळा बाहेर पडतो. असे गोळ्यावर गोळे, एकावर एक टाकलेल्या उशांसारखे. त्यांना इथं उशीच म्हणतात, पिलो लाव्हा. प्रत्येक उशीची कड काळी, काचेसारखी होऊन मग बदललेली, आणि खालचं टोक दोन उशांच्या फटीत घुसलेलं. त्या टोकावरून सांगता येतं की हा थर मूळचा सुलटा आहे की उलटा झालाय. मी सप्टेंबरमध्ये अशा एका उशीवर बसून डबा खाल्ला. आपला सह्याद्रीचा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. ही उशी दोनशे सत्तर कोटींची. डबा मेथीच्या ठेपल्यांचा होता, गुजराती मैत्रिणीनं दिलेला, तेवढं आईला वाचून दाखवा.

आणि ही उशीसुद्धा इथली म्हातारी नाही. इथून उत्तरेला साधारण तीनशे किलोमीटरवर अकास्ता नावाची नदी आहे. रस्ता नाही, विमानानंच जावं लागतं, मी गेलेली नाही. तिथला पट्ट्यापट्ट्यांचा नाइस दगड चारशे तीन कोटी वर्षांचा निघाला. पृथ्वीच साडेचारशे कोटींच्या आसपासची. क्यूबेकमधल्या एका दगडाला काही जण याहून जुना म्हणतात आणि त्यावरून शास्त्रज्ञांची जुंपलेली असते, पण अकास्ताच्या आकड्याबद्दल फारसं कुणी भांडत नाही. आमच्या ऑफिसात एकाच्या टेबलावर त्याचा मुठीएवढा तुकडा आहे. तो कागद उडू नयेत म्हणून ठेवतो. करडा, गुलाबीसर पांढऱ्या रेघा, आपल्याकडं कुणी पायरीलासुद्धा लावणार नाही असा. मी तो हातात घेतला आणि पहिल्यांदा तुमच्यासारखाच कानाजवळ नेऊन टिचकी मारली. सगळे हसले.

वय कसं काढतात हे तुम्ही विचारणारच. त्या दगडात झिरकॉनचे बारीक कण असतात, डोळ्याला न दिसणारे. कण तयार होताना तो युरेनियमला आत घेतो, शिशाला मात्र दारातूनच परत पाठवतो. म्हणजे सुरुवातीला कोठीत शिसं शून्य. पुढं युरेनियमचं आपोआप शिसं होत जातं, आणि त्याची चाल ठरलेली. निम्मं व्हायला चारशे सत्तेचाळीस कोटी वर्षं. आज कोठी उघडून दोन्ही मोजायचं आणि किती दिवस गेले ते सांगायचं. कोठीला भोक पडलं नसलं पाहिजे, एवढीच अट. झिरकॉन इतका चिवट की त्याला भोक पडत नाही सहसा. बाकी दगड भाजला, वाकला, दुमडला तरी हा कण आपला हिशोब सांभाळून असतो. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला दाखवला पाहिजे.

आता मी नेमकं काय करते. तुम्ही लोकांना "पोरगी हिरे काढते" असं सांगता म्हणे. आप्पा, मी एका शेडमध्ये दिवसभर दगडाच्या कांड्या बघते. बोअर मारताना आपल्याकडं भुकटी वर येते. इथं पोकळ पाइपच्या तोंडाला हिऱ्याची कणी बसवलेली असते, त्यामुळं मधला दगड सलग कांडी होऊन वर येतो, मनगटाहून थोडा बारीक. त्याला कोअर म्हणतात. लांबट पेट्यांत ओळीनं रचतात, मध्ये लाकडी ठोकळा, त्यावर खोलीचा आकडा. माझं काम म्हणजे पाण्याचा फवारा मारायचा, भिंग लावायचं, सुईनं ओरखडायचं, चुंबक फिरवायचं आणि लिहायचं, इथून इथपर्यंत हा, मग तो, इथं तडा, इथं पांढऱ्या गारेची शीर. कोरडा दगड काही सांगत नाही, आधी पाणी मार, हे तुम्ही विहिरीवर शिकवलेलं. त्यामुळं पहिल्याच आठवड्यात माझं बरं नाव झालं.

नंतर घालवलंही. जानेवारीत एक पेटी उचलताना हातमोज्यातून निसटली. साडेचार मीटर दगड फरशीवर. कुठला तुकडा आधीचा, कुठला नंतरचा, वरचं टोक कुठलं, काही कळेना. रात्री नऊपर्यंत बसून फुटलेल्या कडा एकमेकींना जुळवत होते, फुटलेला रांजण जोडल्यासारखं. दोन तुकडे शेवटपर्यंत बसले नाहीत. वहीत तसं लिहिलं. साहेब काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कुणीतरी फेविकॉलसारखी एक बाटली ठेवली होती.

बोअरचं मशीन उभं कुठं करतात ते ऐका. तळ्यावर. हिवाळ्यात तळं गोठतं, बर्फाची जाडी मोजायची, हवं तर वरून पाणी ओतून अजून जाड करायची, आणि त्यावर मशीन चढवायचं. पाणी बर्फाखालून उपसायचं, तापवायचं, त्यात मीठ घालायचं, नाहीतर पाइपातच गोठतं. आपल्याकडं उन्हाळा आला की बोअरवाल्यांची धांदल, इथं थंडी पडली की.

तळ्यावरच का, तर त्याचं कारण हिरे.

हिरा जमिनीत दीडशे किलोमीटरच्याही खाली तयार होतो. वर येतो तो किंबरलाइट नावाच्या दगडाबरोबर. तो रस खालून प्रचंड वेगानं येतो, वर स्फोट होतो आणि गाजराच्या आकाराची नळी राहते, वर रुंद, खाली निमुळती. किंबरलाइट हा बाजूच्या पाषाणापेक्षा मऊ. मग बर्फाच्या झाकणानं तोच जास्त खरवडला, खड्डा पडला, खड्ड्यात पाणी साठलं. म्हणून हिऱ्याच्या नळीवर बहुतेकदा तळं असतं. पण या मुलखात तळी अगणित आहेत, विमानातून पाहिलं तर जमीन कमी आणि पाणी जास्त दिसतं. त्यातलं कुठलं? आता ते ओरखडे आठवा.

चक फिपकी नावाचा एक माणूस आणि त्याचा जोडीदार स्टू ब्लुसन, यांनी ते शोधून काढलं. हिरा शोधायचाच नाही, हिऱ्याबरोबर वर येणारे सोबती शोधायचे. जांभळट लाल गार्नेट, हिरवागार क्रोम डायॉप्साइड, काळा क्रोमाइट. हिरा एखादा, तर हे कण हजारोंनी. बर्फानं किंबरलाइट खरवडला तेव्हा हे कण पश्चिमेकडं ओढत नेले आणि वाटेत सांडत गेला, फाटक्या पोत्यातून ज्वारी सांडावी तसा. बर्फाखालून वाहणाऱ्या नद्यांची वाळू आजही लांबच लांब बांधासारखी पडून आहे, एस्कर म्हणतात त्याला. आठेक वर्षं हे लोक तळ्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं फिरून त्या वाळूची पोती भरत होते. पश्चिमेला मॅकेंझी डोंगरांच्या बाजूला सुरुवात केली आणि मागं मागं पूर्वेला येत गेले, बर्फ जिकडून आला तिकडं. कण वाढत गेले, वाढत गेले आणि एका ठिकाणी अचानक संपले. जिथं संपले त्याच्या अलीकडं पोतं फाटलेलं असणार. क्रोम डायॉप्साइड तर नाजूक, लांबच्या प्रवासात त्याचा चुरा होतो. तो धडधाकट मिळाला की समजायचं, घर जवळ आलं. लाक द ग्रा नावाच्या सरोवराजवळ, इथून तीनशे किलोमीटर ईशान्येला, पॉइंट लेक नावाच्या तळ्याखाली १९९१ साली किंबरलाइट लागला आणि त्यात हिरे. बातमी फुटल्यावर लोकांनी हेलिकॉप्टरनं जाऊन खुंट्या ठोकल्या. १९९८ मध्ये एकाटी खाण सुरू झाली, २००३ मध्ये डायव्हिक. डायव्हिकची तर सरोवरातल्या बेटाला लागून. बांध घालून पाणी अडवलं, आतलं उपसलं आणि उघड्या पडलेल्या तळाशी खोदलं. ती २०२६ पर्यंतच चालवायची असं ठरलं.

एक टन दगड फोडला, दळला, धुतला की दोन-तीन कॅरेट मिळतात. म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. क्ष-किरण टाकला की हिरा चमकतो, त्या क्षणी हवेचा फुंकर मारून तो बाजूला उडवतात, माणसाचा हात लागत नाही. पुढं यातले बरेचसे हिरे पैलू पाडायला कुठं जातात ते तुम्हाला माहीत आहे. मावशीचा मोठा सुरतला हिरे घासायच्या घंटीवर बसायचा, तेव्हा त्याच्या चाकाखाली इथलाही एखादा आला असेल. त्याला विचारलं तर म्हणेल, पुडीवर काय लिहिलंय ते आम्ही बघत नाही.

आता खरी गंमत. हे हिरे अब्जावधी वर्षांचे, बाजूचा पाषाण दोनशे साठ-सत्तर कोटींचा, पण त्यांना वर आणणारी नळी मात्र पोरसवदा आहे. एकाटीच्या एका नळीत, पांडा तिचं नाव, तीनशे मीटरहून खाली लाकूड सापडलं. दगड झालेलं नाही, लाकूडच. साल, रेषा, डिंकसुद्धा. स्फोट झाला तेव्हा काठावरचं झाड भोकात पडलं आणि वरून माल ढासळला, तसंच झाकलं गेलं. वय पाच कोटी तीस लाख वर्षं. मेटासेक्वोया, रेडवुडच्या जातीचं झाड. आज ज्या ठिकाणी धड झाड उगवत नाही तिथं तेव्हा असलं जंगल होतं, हवा उबदार, पाऊस भरपूर. म्हणजे आप्पा, तुम्ही विहिरीत सुरुंग लावता तो पाषाण या लाकडापेक्षा जुना आहे. इथं आल्यापासून आपला दगड सगळ्यांत लहान म्हणून मी मान खाली घालून होते, हे वाचल्यावर जरा ताठ झाले.

खाणीला रस्ता नाही. म्हणजे वर्षातले दहा महिने नाही. जानेवारीच्या शेवटाला तळी घट्ट झाली की त्यांच्यावरून चारशे किलोमीटरचा रस्ता करतात, बहुतेक सगळा बर्फावर. आठ-दहा आठवड्यांत वर्षभराचं डिझेल, सिमेंट, सुरुंगाची दारू, यंत्रं सगळं पोचवायचं. भरलेल्या ट्रकला ताशी पंचवीसच्या वर जायचं नाही. कारण ट्रकच्या वजनानं बर्फ किंचित दबतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते, ती ट्रकच्या पुढं पळत काठाला आपटते आणि तिथला बर्फ फोडते. मी दोनदा गेले. ड्रायव्हरनं खिडकी किलकिली ठेवली होती, उणे तिसात. बर्फ करकरतो, मध्येच बंदुकीसारखा फाटतो. तो म्हणाला, आवाज येतोय तोवर ठीक. विहिरीतला माल उपसायच्या यारीच्या तारेबद्दल तुम्ही नेमकं उलटं सांगायचात.

सोन्याचं अजून सांगितलं नाही. गाव वसलं ते सोन्यावर. डेने भाषेत याला सोंबाके म्हणतात, पैशाची जागा. १९३०च्या दशकात पांढऱ्या गारेच्या शिरांमध्ये सोनं सापडलं, १९३८ मध्ये पहिली वीट ओतली. त्यातली मोठी खाण जायंट नावाची, १९४८ ते २००४. तिथलं सोनं मोकळं नव्हतं, आर्सेनोपायराइट नावाच्या चंदेरी खनिजात कोंडलेलं. माझ्या पेट्यांतही ते येतं. त्यावर हातोडी मारली की लसणाचा वास येतो. खरंच, ठेचलेल्या लसणाचा. पहिल्या दिवशी शेडमध्ये तो वास आला आणि मला आईचा खलबत्ता आठवून भरून आलं. मग शेजारच्यानं सांगितलं, हुंगू नकोस, आर्सेनिक आहे ते. सोमल.

सोनं सोडवायला तो दगड भट्टीत भाजायचे. भाजला की आर्सेनिक धूर होऊन वर जायचं आणि पांढरी भुकटी होऊन खाली बसायचं. सुरुवातीची काही वर्षं ते सरळ धुराड्यातून सोडून दिलं. इथल्या डेने वस्तीतले लोक बर्फ वितळवून पाणी प्यायचे, तोच बर्फ ज्यावर ती भुकटी पडत होती. १९५१ साली दोन वर्षांचं एक मूल गेलं. नंतर धूर गाळायला लागले आणि गाळलेली भुकटी जमिनीखालच्या रिकाम्या पोकळ्यांत भरायला लागले. आज तिथं दोन लाख सदतीस हजार टन आहे. ना चव, ना वास, पाण्यात मात्र विरघळते. पन्नास-पंचावन्न वर्षांत सोनं निघालं सत्तर लाख औंस, म्हणजे दोनशे वीस टनांच्या आतबाहेर. हिशोब मी तीनदा केला. टनभर सोन्यामागं हजार टनांवर सोमल.

विहिरीचं काम घेताना तुम्ही शेतकऱ्याला पहिला प्रश्न पाण्याचा विचारत नसायचा. "माल कुठं टाकायचा ते दाखवा," हे आधी. कुणी म्हणायचा, बघू पुढं, टाका कडेला. तुम्ही पहार खाली ठेवायचात. दापूरच्या त्या कामावर त्यावरून भांडण झालं आणि आपण विसार परत केला, आई महिनाभर तुमच्याशी नीट बोलत नव्हती. पहिल्या पावसात कडेचा माल परत विहिरीत, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं होतं. इथं तो प्रश्न कुणी विचारलाच नाही असं नाही, पण उत्तर "बघू पुढं" असंच मिळालं असावं. १९९९ मध्ये मालकाचं दिवाळं निघालं आणि सगळं सरकारच्या गळ्यात आलं.

आता उपाय काय काढलाय तर जमीन गोठवायची. पोकळ्यांच्या भोवती उंच नळ्या रोवल्यात, त्यांत कार्बन डायऑक्साइड भरलेला. खालच्या उबेनं त्याची वाफ होते, वर येते, हिवाळ्याच्या हवेत थंड होऊन परत थेंब होऊन खाली जाते, आणि दरवेळी जमिनीतली थोडी ऊब बाहेर टाकते. वीज लागत नाही. अशी गोठवत ठेवायची, कायमची. कायमची म्हणजे किती, असं मी तिथल्या इंजिनिअरला विचारलं. तो हसला नाही. खर्चाचा अंदाज चारशे अडतीस कोटी कॅनेडियन डॉलर. आणि हवा तर इकडं तापत चाललीय, जगातल्या इतर ठिकाणांपेक्षा जास्त.

एवढं गोड्या पाण्याचं सरोवर उंबऱ्याला, पण गावाचं पिण्याचं पाणी वर यलोनाइफ नदीतून येतं, खाडीच्या तळातून टाकलेल्या आठ किलोमीटर पाइपातून. समोरचं पाणी आजकाल तपासणीत बरं येतं असं म्हणतात. तरी पाइप आहे. काही तळ्यांच्या काठी पाट्या आहेत, पोहू नका, मासे खाऊ नका. त्या पाट्यांजवळून मी रोज कामाला जाते. आपल्या माणसांनी आटलेल्या विहिरी पाहिल्या आहेत, भरलेली आणि सोडून दिलेली मी पहिल्यांदा पाहिली.

आणखी एक आहे, ते थोडक्यातच लिहिते. ग्रेट बेअर सरोवराच्या काठी १९३० मध्ये गिल्बर्ट लबाइन नावाच्या माणसाला पिचब्लेंड सापडलं, काळं, डांबरासारखं, हाताला जड. आधी रेडियमसाठी काढलं, मग युद्धात युरेनियमसाठी. ते अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या कामाला गेलं. तिथले डेने पुरुष ती पोती खांद्यावरून होड्यांत चढवायचे. पोत्यात काय आहे ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढं त्यांतले बरेच कॅन्सरनं गेले असं गावातले लोक सांगतात. १९९८ मध्ये देलिने गावचे काही जण हिरोशिमाला गेले आणि तिथल्या लोकांची माफी मागून आले. पोती वाहणारे माफी मागायला गेले, आप्पा. हे मी कँटीनमध्ये एका डेने बाईकडून ऐकलं, तिचे आजोबा त्या होड्यांवर होते. ती हे सांगताना संत्रं सोलत होती, सोलून झाल्यावर निम्मं मला दिलं.

बरं. माझी तब्येत चांगली आहे. जाड मोजे आले. उजेड आता बारा तास असतो, डिसेंबरात पाचच तास होता तेव्हा मी फोनवर जरा रडवेली बोलायचे, ते आता नाही. रात्री आकाशात हिरवे पडदे हलतात त्याचा व्हिडिओ दादाला पाठवलाय, बघितला नसेल तर त्याच्याकडून बघा. पैसे दहा तारखेला टाकलेत.

सोबतच्या पुडीत दगडाचा एक तुकडा आहे. ती उशीची कड, दोनशे सत्तर कोटींची, रस्त्याच्या कामात फुटून पडलेली, मी विचारून घेतली. तुमच्या विहिरींतून निघालेल्या गारगोट्या कपाटावर आहेत ना, त्यांच्या शेजारी ठेवा. आधी परातीत पाणी घेऊन भिजवा, मग कडेची काळी पट्टी दिसेल. दुसऱ्या छोट्या कागदात गार्नेटचे तीन कण आहेत, शिंकू नका. गारगोटी म्युझियमच्या लोकांना दाखवायला न्याल हे मला माहीत आहे, पण तुकडा परत आणा.

पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीला किती परस झाले ते कळवा. गेरूचा पट्टा लागला का? लागला असेल तर पाणी त्याच्या वरच असणार, अजून खाली जाऊन त्यांचा खर्च वाढवू नका.

तुमची,
सुमी

ता. क. लसणाच्या वासाचा तुकडा मुद्दाम पाठवलेला नाही. आईनं तो नक्की हुंगून बघितला असता.